सत्तेचाळीस नंबरचा पत्ता

मंगळवारी सकाळी फोनवाली पाणीपुरवठ्याच्या तक्रार कार्यालयात शिरली ती शिडी, चिकटपट्ट्या छापायचं यंत्र आणि बासष्ट ओळींची यादी घेऊन. काम दोन दिवसांत उरकेल असं तिला वाटत होतं. बासष्ट फोन, बासष्ट टेबलं. एकेकापाशी जायचं, फोन नेमका कुठे आहे ते लिहायचं, पट्टी चिकटवायची की पुढचा. तपासणीचा परवाना हाती पडून तिला जेमतेम पाच महिने झाले होते, तोही तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्यावर. त्यामुळे तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून ती गावभर हिंडायची.

कार्यालयातले फोन आठ महिन्यांपूर्वी तारेवरून इंटरनेटवर गेले होते. जुना फोन बिचारा भिंतीला बांधलेला असे, जाऊन जाऊन जाणार कुठे! या नव्या फोनांचं तसं नाही. उचला, दुसऱ्या खोलीत न्या, इंटरनेटच्या खोबणीत वायर खुपसा, की तो आपला नंबर घेऊन तिथे उगवतो. सोय मोठी खरी, पण अशा फोनवरून कुणी तातडीचा नंबर फिरवला की मदत केंद्रातल्या माणसाला दिसायचा तो फक्त इमारतीचा पत्ता. चार मजले, तीस खोल्या; आत कोण छाती धरून बसलंय ते रुग्णवाहिकेवाल्यांनी हाका मारत शोधायचं. म्हणून नवा कायदा आला. कुठल्याही टेबलावरून तातडीचा नंबर थेट लागला पाहिजे, लागल्याबरोबर जवळच्या एका जबाबदार माणसाला त्याची सूचना गेली पाहिजे, आणि फोन कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, कोणत्या कोपऱ्यात आहे ते केंद्राला दिसलं पाहिजे. यादीखाली दोन सह्या, एक कार्यालयाच्या साहेबांची आणि एक तपासणाऱ्याची. सहीच्या वर छापलेलं असे: ‘फोन प्रत्यक्ष जिथे आहे तेच ठिकाण वर लिहिले आहे.’ हे खोटं निघालं, तर परवाना गेलाच म्हणून समजायचं.

साहेबांना कायद्यातली पहिलीच गोष्ट झोंबली.

“थेट म्हणजे? आधी शून्य न दाबता?” त्यांनी विचारलं. या कार्यालयात बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य दाबावं लागे, आणि कुणी किती शून्यं दाबली त्याचा तक्ता महिनाअखेरीस साहेबांच्या टेबलावर येई.

“आग लागल्यावर माणूस शून्य विसरतो, साहेब.”

“आमच्याकडचे नाही विसरणार. मी शिस्त लावली आहे.”

ती त्यांनी खरोखरच लावली होती. कार्यालयात त्यांना सगळे घड्याळसाहेब म्हणत, अर्थात ते जिन्यावर नसताना. दहा वाजून पाच मिनिटांनी ते आपल्या केबिनमधून एकेका टेबलाचा नंबर फिरवत. पलीकडून “हजर” ऐकू आलं की वहीत बरोबरची खूण. बासष्ट खुणा व्हायला वीस मिनिटं लागत. सगळी चार मजल्यांची हजेरी खुर्चीतून न उठता! ही युक्ती त्यांना सतरा वर्षांपूर्वी सुचली होती, आणि अजून तिचं त्यांना अप्रूप होतं.

“माणूस टेबलाशी नसेल तर फोन उचलणार कोण?” त्यांनी फोनवालीला विचारलं आणि उत्तरादाखल स्वतःच हसले.

तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण ते तिने गिळलं. पहिल्याच दिवशी साहेबाशी वाद घालणारीला दुपारचा चहा मिळत नाही, एवढं पाच महिन्यांत तिला कळलं होतं.

दोन दिवस ती इमारतभर हिंडली आणि तिच्या नाकी नऊ आले. नकाशात फोन जिथे दाखवले होते तिथे निम्मेही सापडेनात. वाऱ्याच्या जागेवरून भांडण होऊन टेबलांची अदलाबदल झाली होती, आणि जाताना जो तो आपला फोन काखोटीला मारून गेला होता. मीटर विभागातला एक फोन कपाटावर सापडला. तिथे तो ठेवण्याचं कारण, तो वाजला तरी हात पोचत नाही! दुसरा रेकॉर्ड रूममध्ये दोन गठ्ठ्यांच्या मधे होता, आणि त्याच्या शेजारी एक उशीही होती. उशीबद्दल तिने काही विचारलं नाही. ‘तळमजला, रेकॉर्ड रूम, उजवीकडून तिसरं कपाट, जमिनीवर’ असं तिने प्रामाणिकपणे लिहिलं. तिथे खरोखर कुणाला चक्कर आली तर उशी उपयोगी पडेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत एकसष्ट फोन सापडले. राहिला सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस नंबर होता दुसऱ्या मजल्यावर, तक्रार कक्षात. तिथे काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे नळभाऊ म्हणत. वीस वर्षं ते रस्त्यावर खड्ड्यांत उतरून पाइप जोडत आले होते. गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह त्यांना तोंडपाठ, म्हणून पुढे त्यांना फोनवर बसवलं. त्यांच्या टेबलावर फोन होता, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता, बशीत चहाचा अर्धा कप होता, आणि चहातून वाफही निघत होती.

“आत्ताच इथे होते,” शेजारचा कारकून म्हणाला.

“खाली गेलेत वाटतं,” दुसरा म्हणाला.

“वर,” तिसरा म्हणाला, आणि मग तिघेही आपापल्या कागदांत डोकं घालून बसले.

हीच तीन उत्तरं तिला मंगळवारी मिळाली होती, बुधवारी सकाळीही मिळाली होती, आणि दर वेळी चहा गरम होता. तिने टेबलावरचा फोन उचलला. तो जुन्या जमान्यातला निघाला, आणि त्याची वायर खणात जाऊन एका रबरबँडमध्ये संपत होती. मग ती शांतपणे नळभाऊंच्या खुर्चीत बसली. आपल्या मोबाइलवरून तिने कार्यालयाचा नंबर लावला आणि पुढे सत्तेचाळीस जोडला. टेबलावरचा फोन मुकाट पडून होता. तिच्या कानात मात्र घंटी वाजली, आणि दुसऱ्याच घंटीला कुणीतरी उचलला.

“पाणीपुरवठा तक्रार कक्ष. बोला.”

“मी फोनची तपासणी करतेय. आपण कुठे बसला आहात?”

“टेबलावर... म्हणजे खुर्चीवर. टेबलापाशी.”

“कोणत्या मजल्यावर?”

“दुसऱ्या.” हे उत्तर ठाम आलं. पुढे ते खरंही निघणार होतं.

“डाव्या हाताला काय आहे?”

“खिडकी.”

“खिडकीतून काय दिसतं?”

“आपली टाकी. करड्या रंगाची.”

फोनवालीने मान वळवून पाहिलं. टाकी पिवळीधमक होती, आणि खाली रंगवल्याची तारीख होती तीन महिन्यांपूर्वीची. तीन कारकून श्वास रोखून तिच्याकडे पाहत होते. तेवढ्यात पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, “अरे, माझा चष्मा कुठे ठेवलास?”

“हा आवाज कुणाचा?”

“रेडिओ लावलाय मॅडम, हळू आवाजात.”

“रेडिओ चष्मा मागतोय?”

पलीकडे एक खण उघडून बंद झाल्याचा आवाज आला. मग, “मॅडम, पाच मिनिटांनी फोन करतो,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पाच मिनिटं व्हायच्या आतच हेडबाई आल्या. त्या कक्षाच्या हेडक्लार्क. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि आवाज असा की फायलीसुद्धा सरळ व्हाव्यात. त्यांनी फोनवालीला चहाच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“त्यांची आई आहे हो. खुब्याचं हाड मोडलं, त्यात आता विसरायला लागल्यात. एकट्या राहिल्या की उठून चालायला बघतात. कुणी बाई टिकत नाही. रजा सगळी संपली. साहेबांना विचारलं, घरून फोन घेऊ का? साहेब म्हणाले, घरी बसून नळ दुरुस्त होतात का?”

“मग?”

“मग नवे फोन आले. कुठेही लावा म्हणाले. आम्ही लावला.” हेडबाईंनी हे असं सांगितलं, की जणू त्यांनी फक्त सूचनेचं पालन केलं होतं. “सकाळी साहेबांचा फोन जातो, ते तिकडून हजर म्हणतात. दिवसाला सत्तर-ऐंशी तक्रारी घेतात. इथे बसलेले हे तिघं मिळून तेवढ्या घेत नाहीत.”

“आणि चहा?”

“पाळी लावली आहे. दर तासाला एकजण पितो आणि नवा ओततो.” हेडबाईंनी तिचा हात धरला. “लिहा ना ‘दुसरा मजला, तक्रार कक्ष, खिडकीजवळचं टेबल’. एका ओळीचा तर प्रश्न आहे. कुणाचं काय बिघडणार आहे?”

फोनवालीला राग आला. आपल्या परवान्याची काळजी तिला होतीच, पण हा राग त्या काळजीचा नव्हता.

“सांगते काय बिघडेल,” ती म्हणाली. “आजी पडल्या. भाऊंच्या हाताशी दिवसभर कोणता फोन असतो? हाच. घाईत ते यावरूनच तातडीचा नंबर दाबणार. बोलताना रड आवरेना, पत्ता सांगता येईना, की लाइन तुटली, तर केंद्रात दिसणार हाच पत्ता. रुग्णवाहिका येणार इथे. दुसऱ्या मजल्यावर. तुमच्या गरम चहापाशी.”

हेडबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आठ महिने सगळ्या कक्षाने मिळून एवढी कारस्थानं रचली होती, चहाच्या पाळ्या लावल्या होत्या, पण ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

“मग साहेबांना सांगणार तुम्ही?” त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

“आधी फोन बघणार. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही.”

गुरुवारी दुपारी ती नळभाऊंच्या घरी गेली. दुसरा मजला होता, यात ते खोटं बोलले नव्हते. आतल्या खोलीत एक पलंग, पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर फोन. भिंतीवर गावातल्या व्हॉल्व्हांचा हाताने काढलेला नकाशा, आणि त्याच्याच खिळ्याला आजींच्या औषधांची पिशवी. नळभाऊ दार उघडायला आले, तेव्हा त्यांच्या एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हातात तक्रारवही होती. आजींची अर्धी वेणी झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. नळभाऊ वळायच्या आत आजींनी तो उचलला.

“पाणीपुरवठा,” आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या. “घाबरू नका. आधी मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा. उजवीकडे फिरवायचा. गल्ली कुठली म्हणालात?” मग त्यांनी रिसीव्हर मुलाकडे दिला. “घे. हा कोण आहे मला माहीत नाही, पण त्याच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलंय.”

नळभाऊंनी तक्रार घेतली, वहीत लिहिली, आणि मग ओशाळून म्हणाले, “कधीकधी माझं नाव आठवत नाही तिला. व्हॉल्व्ह बरोबर सांगते.”

फोनवालीला हसू आलं. मग तिने रुग्णवाहिकेची गोष्ट सांगितली. नळभाऊ कंगवा हातात धरून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे आठ महिने मी हिच्याशेजारी बसून... आणि गाडी गेली असती ऑफिसात?”

“हो.”

त्यांनी आजींकडे पाहिलं. आजी वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या. नळभाऊ काही विचार करतील, हिशेब मांडतील, निदान एक सुस्कारा सोडतील, असं फोनवालीला वाटलं होतं. पण त्यांनी स्टुलावरची तक्रारवही बाजूला केली आणि तिला लिहायला जागा करून दिली.

“लिहा. खरं आहे तेच लिहा. नोकरीचं मी बघतो. इथे सांभाळायला माझ्याशिवाय कुणी नाही.”

तिने लिहिलं: ‘मधली गल्ली, घर क्रमांक अकरा, दुसरा मजला, डावीकडचं दार, आतली खोली, पलंगाशेजारचं स्टूल.’ पट्टी छापली, फोनला चिकटवली. एका रकान्यापाशी मात्र तिचं पेन अडलं. सूचना कुणाला जाणार? बाकी एकसष्ट ओळींत तिने गेटवरचा पहारेकरी लिहिला होता. मधल्या गल्लीत काही झालं तर गेटवरचा पहारेकरी काय करणार, शिट्टी वाजवणार? धावत येऊन दार उघडेल, रुग्णवाहिकेला वर आणेल असा कुणीतरी जवळचा हवा. हेडबाई राहत गावाच्या दुसऱ्या टोकाला, खालचे शेजारी दिवसभर कामावर. रकाना रिकामाच राहिला.

शुक्रवारी सकाळी तिने यादी साहेबांपुढे ठेवली.

“वाचून सही करा, साहेब.”

“किती ओळी आहेत?”

“बासष्ट. पण वाचून करा.”

साहेबांनी पेनाच्या टोकाने ओळी मोजल्या. बासष्ट भरल्या. त्यांनी चारही पानांवर झोकात सही केली.

“एकदा नजर घाला,” फोनवाली तिसऱ्यांदा म्हणाली. नियमात एकदा सांगा असं होतं. तीनदा सांगितल्याचं पुढे कुणी विचारलं तर साक्षीला हेडबाई दारात उभ्या होत्याच.

“बाई, मी या इमारतीत सतरा वर्षं आहे. कोणता फोन कुठे आहे ते मला वाचून कळायची गरज नाही.”

 तिने आपली सही केली आणि यादी मदत केंद्राला पाठवून दिली.

अकरा वाजता सरकारी निरीक्षक आले. त्यांना सर्दी झाली होती, आणि जगात सर्दीइतकाच त्यांना फॉर्म भरण्याचा वैताग होता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. यादी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. “कोणताही एक नंबर सांगा,” ते साहेबांना म्हणाले. “त्या फोनवरून मदत केंद्राच्या चाचणी लाइनला फोन लावायचा. केंद्र ठिकाण वाचून दाखवेल. बरोबर असेल तर मी पास लिहितो, चूक असेल तर सगळे फोन बंद.”

फोनवालीने मनातल्या मनात पन्नास, एकोणसाठ, तीन, काय वाट्टेल तो नंबर साहेबांच्या तोंडी घातला.

“सत्तेचाळीस!” साहेब म्हणाले. “आमचा सगळ्यात वक्तशीर माणूस. आठ महिन्यांत एक खाडा नाही. हवं तर वही दाखवतो.” आणि त्यांनी ती दाखवलीही. सत्तेचाळीसच्या पुढे बरोबरच्या खुणांची रांग लागली होती, प्रत्येकीखाली साहेबांची छोटी सही.

दारातल्या हेडबाईंनी चौकट घट्ट धरली.

साहेबांनी स्पीकर चालू करून नंबर फिरवला. “हजर!” पलीकडून लगेच आवाज आला. साहेबांनी अभिमानाने निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी नाक पुसलं आणि पलीकडच्याला चाचणीचा नंबर दाबून केंद्राला जोडून घ्यायला सांगितलं. घंटी वाजली, आणि केंद्रातल्या मुलीचा स्वच्छ आवाज केबिनभर घुमला.

“सत्तेचाळीस नंबरवरून चाचणी. ठिकाण वाचते. मधली गल्ली, घर क्रमांक अकरा, दुसरा मजला, डावीकडचं दार, आतली खोली, पलंगाशेजारचं स्टूल.”

निरीक्षकांनी साहेबांकडे पाहिलं.

“पलंग?” साहेब म्हणाले. “ऑफिसात पलंग?”

“ठिकाण बरोबर आहे का?” निरीक्षकांनी पेन उघडलं. “हो की नाही तेवढंच सांगा.”

साहेबांनी यादी ओढून घेतली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा सही केलेला कागद वाचला. सत्तेचाळिसावी ओळ, तिच्याखाली पानाच्या तळाशी आपलीच झोकदार सही. त्यांनी फोनवालीकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन बघत होती. मग त्यांनी उघड्या वहीकडे पाहिलं. ठिकाण चूक म्हणावं तर सही खोटी ठरते, फोन बंद पडतात. बरोबर म्हणावं तर आठ महिने आपण एका पलंगाची हजेरी घेत होतो. साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

“तिथे कुणाला मदत हवी आहे का?” केंद्रातली मुलगी सवयीप्रमाणे म्हणाली.

“नाही, ही फक्त...” नळभाऊंचा आवाज आला, आणि मागोमाग खरखर. “आई, दे इकडे. आई!”

“कोण बोलतंय?” आजींनी रिसीव्हर काबीज केला होता. “मदत नको. इथे सगळं ठीक आहे.”

“आजी, तुम्ही कुठे आहात?”

“ऑफिसात,” आजी म्हणाल्या. “माझा मुलगा इथे नोकरी करतो ना. मी त्याच्याबरोबर येते रोज. एकटीला घरी भीती वाटते.”

हेडबाईंनी पदर तोंडाशी नेला.

“ऑफिसात आणखी कोण आहे, आजी?” केंद्रातली मुलगी आता चाचणी विसरली होती.

“तो आणि मी. दोघंच खपतो. साहेब काय, कधी फिरकत नाहीत इकडे.”

निरीक्षकांना शिंक आली. ती खरी होती की हसू दाबण्यासाठी, हे फोनवालीला शेवटपर्यंत कळलं नाही. फोन बंद झाला आणि निरीक्षकांनी पुन्हा विचारलं, “हो की नाही?”

“मी स्वतः बघून लिहिलंय,” फोनवाली म्हणाली. “फोन तिथेच आहे. खोटं लिहिलं असतं तर आज चाचणीत इथे सगळं गोड झालं असतं. आणि ज्या दिवशी आजी पडतील त्या दिवशी गाडी या जिन्यावरून वर आली असती.”

 साहेबांची नजर जिन्याकडे गेली, मग वळली आणि यादीतल्या त्या ओळीवर येऊन थांबली.

“बरोबर आहे,” ते शेवटी घशातून म्हणाले. “ठिकाण बरोबर आहे.”

“कार्यालयाच्या परवानगीने?”

“तशी सही दिसत नाही का तुम्हाला?” साहेब खेकसले.

निरीक्षकांनी पास लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. “हे जमणार नाही. इथे सूचना कुणाला जाणार तो रकाना रिकामा आहे. जवळचा माणूस हवा, पाच मिनिटांत पोचणारा. नाहीतर हा फोन तिथून उचलावा लागेल.”

फोनवालीने मान खाली घातली. रात्रभर तिने याच रकान्याचा विचार केला होता आणि तिला एकही नाव सुचलं नव्हतं.

साहेबांनी निरीक्षकांच्या हातातून पेन काढून घेतलं.

“मधल्या गल्लीच्या मागे राहतो मी,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “मागच्या दाराने गेलं की तीन मिनिटं.” त्यांनी रकान्यात आपला घरचा नंबर लिहिला, खाली मोबाइलचा लिहिला, दोन्ही पुन्हा एकदा वाचून पाहिले.

“दिवसा तुम्ही ऑफिसात असता,” निरीक्षक म्हणाले.

“दिवसा तिथे तो असतो. दार तो उघडेल, गाडीला वाट माझी बायको दाखवेल. संध्याकाळी तो औषधं आणायला बाहेर पडला, की तेवढा वेळ मी जाऊन बसेन.” साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. आवाजात अजून राग होता, पण तो आता कुणावर आहे हे त्यांनाही सांगता आलं नसतं. “म्हणे साहेब फिरकत नाहीत! आठ महिने मागच्या गल्लीत राहून मला कुणी सांगितलं होतं का?”